पलीकडच्या धारेवरचं बुजगावणं

माझ्या स्टुडिओत हल्ली कॉलेजातली पोरं येतात आणि लांबच्या लेन्सबद्दल विचारतात. "आप्पा, फिक्स घ्यावी की झूम?" पूर्वी या प्रश्नावर मी समोरचा चहा थंड होईपर्यंत बोलायचो. गेल्या पौषात बुलढाण्याकडे जाऊन आल्यापासून तेवढं बोलवत नाही. का बोलवत नाही, ते एकदाचं लिहून काढावं म्हणून हा खटाटोप.

ज्यांना कॅमेऱ्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. फिक्स लेन्स एकाच ताकदीची असते. लांबचं जेवढं जवळ आणायचं तेवढंच ती आणणार. आणखी जवळ हवं असेल तर आपण उठून चालत जायचं. झूमला एक कडं असतं, ते फिरवलं की जागेवर उभ्या उभ्या समोरचं झाड जवळ येतं, लांब जातं. सोय मोठी, पण आत काचाच काचा. प्रत्येक काच थोडा उजेड खाते आणि रेघ थोडी पुसट करते. माझी दोनशे मिलिमीटरची फिक्स लेन्स जुनी आहे, जड आहे, पण तिनं काढलेल्या फोटोत म्हशीच्या पापण्या मोजता येतात. माझा मेहुणा वसंता बोटीवर रेडिओ ऑफिसर आहे. त्यानं जपानहून झूम आणली आणि सुट्टीवर आल्या दिवसापासून माझ्यामागे टुमणं लावलं, "दाजी, तुमची ती लोखंडी नळी आता म्युझियमला द्या." मी म्हटलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." शेवटी बायकोनं दोघांनाही बजावलं, की काय ते एकदा ठरवून या आणि घर शांत करा.

ठरवायचं तर लांबून, स्थिर बसलेलं, बारीक कलाकुसरीचं काहीतरी हवं. मला गवई गुरुजी आठवले. ट्रेनिंग कॉलेजात शिकताना ते आमच्या सांगलीत माझ्या स्टुडिओवरच्या खोलीत राहायचे. आता बुलढाणा जिल्ह्यात, आपल्याच गावच्या शाळेवर हेडमास्तर आहेत. दर दिवाळीला त्यांचं पत्र येतं आणि दर पत्रात एक वाक्य असतं, की आमच्या दरीत गिधाडं आहेत, तुम्ही या. गिधाडाच्या मानेवरची पिसं म्हणजे लेन्सची खरी परीक्षा. आम्ही निघालो.

घाटमाथ्यावर

मलकापूरला उतरल्यावर पुढे एस.टी. घाट चढून बुलढाण्यात शिरली तेव्हा खिडकीतून आलेल्या गार वाऱ्यानं वसंताचे दात वाजायला लागले. विदर्भ म्हणजे ऊन असं समजून तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आला होता. स्टँडवर गुरुजी डोक्याला मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली.

देऊळघाटच्या पुढे गाडीरस्ता संपतो. तिथून कडेकडेनं पायवाट. गुरुजींच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी कॅमेरा घेऊन जाईल आणि ते मला नको आहे. गाव पठाराच्या अगदी काठावर बसलंय. मागे वांग्या-मिरचीचे मळे, पुढे एकदम दरी. दरी रुंद नाही. पलीकडे डोंगराची दुसरी धार आहे आणि तिच्या खांद्यावर एकच वावर, एकच विहीर, एकच बाभूळ.

गावात शिरताना मला एक घर दिसलं. दार सताड उघडं, आत कोणी नाही. दाराला कडीच नव्हती. कडीच्या जागी चौकटीत नुसती भोकं, कडेनं काळवंडलेली. मी म्हटलं, "गुरुजी, इथं चोर येत नाहीत वाटतं." गुरुजी म्हणाले, "येतात की." आणि पुढे चालू लागले.

संध्याकाळी हुरडा झाला. आमच्याकडे हुरड्याबरोबर गूळ आणि दही. इथे ताटलीत लाल चटणीचा डोंगर आणि वर फल्लीचं कच्चं तेल, म्हणजे आपल्या शेंगदाण्याचं. वसंतानं पहिल्याच घासाला डोळे पुसले. मग वांग्याचं भरीत आलं, चुलीत भाजलेलं, कांद्याच्या पातीसकट. मी तीन भाकरी खाल्ल्या. गवईवहिनी चौथी वाढायला आल्या तेव्हा मी ताटावर आडवा हात धरला. त्या म्हणाल्या, "काऊन? आवडलं नाही का?" चौथीही खाल्ली.

त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याखाली शाळेचं घड्याळ. जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या कडी नसलेल्या दाराचा विषय काढला. आता गुरुजी बोलले.

"ते सुभद्राबाईचं घर, आप्पा. तिचा नवरा तुळशीराम गेला त्याले बारा वर्सं झाले. मराठी राज्य व्हाचं होतं, त्याच्या आधीच्या थंडीत. पलीकडच्या वावरात मोट हाकाले गेला. मंग पाह्यलं तं बैल उभे, मोट उभी, मानूस नाही. विहीर उपसली, दरी पाह्यली. काहीच नाही."

"दरीतच पडला असेल."

"मंग गिधाडं उतरले असते ना. आठ दिवस सारं गाव वर पाहून राह्यलं होतं. एक बी गिधाड खाली आलं नाही. म्हनून तो मेला नाही असं ठरलं."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की वसंताच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

बेपत्ता माणसाबद्दल या गावाची एक रीत आहे. त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. त्याचे कपडे बुजगावण्याला घालून ते त्याच्याच वावरात उभं करतात. त्या बांधावर घरच्या बाईशिवाय कोणी पाय ठेवत नाही. आणि घराची कडी काढून ठेवतात, कारण माणूस कधीही येईल, त्याला स्वतःचं दार वाजवावं लागू नये. बारा वर्षं अशी गेली की पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात, बुजगावण्याचे कपडे त्याला चढवतात आणि रीतसर अग्नी देतात. मग बाई मोकळी. पुतळा जाळण्याची चाल आमच्याकडेही ऐकून माहीत होती, पण ही बुजगावण्याची आणि कडीची तऱ्हा मी कुठे पाहिली नव्हती.

"तुम्ही हे मानता, गुरुजी?"

"आमी बौद्ध, आप्पा. आमच्या घरात हे काही नाही." मग म्हणाले, "पन त्या बाईच्या दाराले कडी नाही, हे तं मले रोज दिसते. परवा अमावस्या हाये. परवा सुटन बिचारी."

दरीच्या काठी

सकाळी उजाडता उजाडता आम्ही शाळेच्या मागच्या कातळावर ट्रायपॉड लावला. दरीत धुकं भरलेलं. खालच्या कड्यावर गिधाडं पंख आवरून बसली होती, मामलेदार कचेरीबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. थंडीनं माझी बोटं लेन्सच्या धातूला चिकटत होती. वसंता आपल्या झूमचं कडं पुढे-मागे फिरवत गिधाडांना जवळ बोलावत होता, लांब ढकलत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

तेवढ्यात मागून एक बाई आली. चाळिशीची असेल. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर, हातात मेथीची जुडी. जुडी तिनं कातळावर ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी म्हने तुमी फोटूवाले हा. मी सुभद्रा."

मी नमस्कार केला.

"भाऊ, उद्या त्याले खाली आनतीन." तिनं मान वळवून नाही, नुसत्या हातानं पलीकडची धार दाखवली. "घरात ह्यांचा एक बी फोटू नाही. दीर म्हन्ते, हार घालाले फोटू पाह्यजे, आता सारे लोक लावतात. बुजगावण्याचाच काढून द्या. कपडे तं ह्यांचेच हायेत."

जवळ जाता येणार नव्हतं, तेव्हा फोटो इथूनच काढायचा होता. लांबच्या लेन्सला याहून चांगलं काम कोणतं? वसंता म्हणाला, "दाजी, हीच आपली परीक्षा. एकच नेम, एकच फिल्म. आधी माझी, मग तुमची." सुभद्राबाई मात्र थांबल्या नाहीत. कॅमेरा तिकडे वळवताना मी पाहिलं, त्या पाठ फिरवून गावाकडे चालल्या होत्या.

पलीकडे ते उभं होतं. पांढरी बंडी, धोतर, डोक्याच्या जागी मडकं, त्यावर फेटा, दोन्ही हात आडवे. शेजारच्या रानांवर पोपटांचा गोंगाट चालला होता, त्या वावरावर एकही नव्हता. वसंताची झूम दोनशेवर नेऊन आम्ही खटका दाबला. मग ती काढून माझी चढवली, नेम तोच, आणि पुन्हा दाबला. मधे गेला असेल तेवढाच वेळ, जेवढा एक लेन्स उतरवून दुसरी बसवायला लागतो.

"दाजी," वसंता म्हणाला, "वारा आहे ना?"

वारा होता. माझा मफलर उडत होता. पलीकडे धोतराचा सोगाही हलत होता. "मग बाही का हलत नाही?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काठी बांधली असेल आतून. ते उत्तर मला पटलं आणि मी गिधाडांकडे वळलो.

बुलढाण्यात, लाल दिव्याखाली

फोटो उद्याच हवा होता, म्हणून आम्ही बुलढाण्याला गेलो. तिथल्या एका स्टुडिओवाल्यानं व्यवसायबंधू म्हणून आपली डार्करूम दुपारभर उघडून दिली आणि स्वतः जेवायला निघून गेला. बाहेर लख्ख दुपार, टांग्यांचा आवाज, आत दार लावून लाल दिवा. फिल्म आधी तो दिवाही मालवून धुतली, वाळवली. मी आधी झूमचा फोटो मोठा केला.

खरं सांगायचं तर मनातून खूश झालो. माझं म्हणणं शब्दशः खरं ठरत होतं. करड्या रंगावर करडा रंग. कडा विरलेल्या, बाभळीचे काटे म्हणजे नुसता धूर. मधे बुजगावणं, हात आडवे, मडकं. ओळखू येत होतं, पण सगळं ताकातल्या लोण्यासारखं. वसंता म्हणाला, "वाईट नाही." मी म्हटलं, "थांब आता."

फिक्सचा कागद मी ट्रेमधे सोडला. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगतो, कोऱ्या कागदावर पांढरं शेवटपर्यंत पांढरंच राहतं. जे काळं असेल ते आधी उमटतं. बंडी पांढरी, धोतर पांढरं. म्हणजे आधी विहिरीची सावली यायला हवी, मग बाभळीचं खोड.

आधी पाय आले.

धोतराखाली दोन काळे पाय, टाचा जुळलेल्या, बोटं किंचित बाहेर. मग विहीर, मग बाभूळ, काटा न् काटा. मग दोन्ही बाह्यांच्या टोकांना दोन पंजे. अंगठे वेगळे दिसत होते. फेट्याखाली मात्र सगळी सावली होती, चेहरा म्हणावा असं काही आलं नाही. हातातला चिमटा मी खाली ठेवला. त्या लहानशा खोलीत, औषधांच्या आंबट वासात, मला इतकी भीती वाटली की वसंता शेजारी आहे याची खात्री करायला मी त्याचं मनगट धरलं. त्याचंही गार पडलं होतं.

"कोणीतरी चेष्टा केली असेल," तो म्हणाला. "आपण लेन्स बदलत होतो तेवढ्यात येऊन उभं राहिलं."

"आणि बुजगावणं कुठे गेलं?"

त्यानं झूमची निगेटिव्ह भिंगाखाली धरली. बराच वेळ पाहिलं. पाय जिथे असायला हवेत तिथे एक करडा फराटा होता. पाय आहेत असं म्हणता येत नव्हतं आणि नाहीत असंही म्हणता येत नव्हतं. वाळवून दोन्ही फोटो मी पाकिटात घातले, मधे कोरा कागद ठेवून. का ठेवला, माहीत नाही. त्यांनी एकमेकांना चिकटू नये असं वाटलं.

कडी नसलेलं घर

परतीच्या वाटेवर वसंता एकच गोष्ट बोलत राहिला. "दाजी, माणूस जिवंत असेल तर उद्या त्याला जाळायचं? हा फोटो गावासमोर ठेवायला हवा." मला त्याचं पटत होतं. गुरुजींनी दोन्ही फोटो दिव्याजवळ नेऊन पाहिले. दुसरा पाहताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. म्हणाले, "मी ह्याच्यावर काहीच बोलत नाही. हे तिले दाखवा. पैले तिले, मंग कोनाले दाखवाचं ते ती सांगन."

दिवेलागण होत होती. सुभद्राबाईंनी आम्हाला पाट दिले, काळा चहा दिला. वारा आला की दार आपोआप उघडायचं, भिंतीवर आपटायचं आणि पुन्हा मिटायचं. बोलता बोलता त्या न बघता दर वेळी पाय पुढे करून ते धरायच्या. मी आधी झूमचा फोटो दिला, मग दुसरा. दुसरा त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि पंज्यांवरून बोट फिरवलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हेच हायेत."

वसंता पाटावरून अर्धा उठला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मले नाही ठाऊक राहीन तं कोनाले? दर सालाले येतात, थंडी पडली का. बांधाच्या अलीकडून पाह्यलं का हात असतात, पाय असतात. जवळ गेली का काडीच असते, भाऊ. मडकंच असते."

"हाक मारली नाहीत कधी?"

"पैल्या साली मारली. सारी दुपार मारली. गळा बसला माह्या." दार आपटलं, त्यांनी पाय पुढे केला. "तो मानूस खाली येत नाही, अन् जात बी नाही. नुसता इकडं पाहून राह्यला. मले आता समजतच नाही, मी त्याले धरून ठेवलं का त्यानं मले."

मला माझ्या हातातल्या पाकिटाची लाज वाटली. इतकी स्पष्ट रेघ मी आयुष्यभर मिरवली होती आणि ती या बाईच्या मांडीवर पडली होती.

"बारा वर्सं मी झोपली नाही," त्या म्हणाल्या. "दार वाजलं का उठतो, पाह्यतो, कोनी नसते. एक डाव कुत्रं होतं, एक डाव चोर होता, पितळेचा हंडा नेला. मी त्या चोराले म्हटलं, आले का तुमी? तोच घाबरून पळाला." त्या थोडं हसल्या, आणि लगेच थांबल्या. "दिरानं लोहाराकून कडी करून आनली. उद्या बसवतीन. मले ते कडी पाह्यजे, भाऊ. दुसरं काही नोको."

वसंता हळूच म्हणाला, "पण हे जिवंत असतील तर, ताई?"

"जिता असो का मेला असो, घरी तं नाही ना आला." त्यांनी फिक्सचा फोटो उलटा करून माझ्यासमोर ठेवला. "हा दिरानं पाह्यला तं उद्याचं सारं थांबवतीन. मंग अजून बारा वर्सं. हा तुमी न्या. दूर न्या." आणि झूमचा तो ताकासारखा, कडा विरलेला फोटो पदरानं पुसून त्यांनी छातीशी धरला. "मले हा द्या. ह्याच्यात बुजगावणंच हाये."

आमच्या परीक्षेत वसंता जिंकला होता. त्यानं तसं एकदाही म्हटलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

अमावस्या

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना सुभद्राबाईंचा दीर आणि भावकीतले चौघे पलीकडच्या धारेवर गेले. आज जायला हरकत नव्हती, म्हणून वसंताही गेला. मी अलीकडे थांबलो, कातळावर, कॅमेऱ्याजवळ. माझी फिक्स लेन्स त्यावर चढवलेलीच होती. फोटो काढायचा नव्हता, पण ती काढून ठेवायलाही हात होत नव्हता.

त्यांनी ते उपटून आणलं. मी जवळून पाहिलं. बाभळीची उभी काठी, तिला सुतळीनं बांधलेली आडवी काठी, वर मडकं. बाह्या पोकळ होत्या. आत काठी अर्ध्यापर्यंतच पोचत होती, म्हणजे वाऱ्यानं त्या फडफडायलाच हव्या होत्या. बंडीच्या छातीवर डाव्या बाजूला तांबड्या कापडाचं ठिगळ होतं, चौकोनी, हातशिलाईचं. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती मला घडीची सावली वाटली होती. वसंता माझ्या कानाशी म्हणाला, "दाजी, काठीभोवतीची जमीन अंगणासारखी चोपलेली आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं उभं राहिल्यासारखी."

कातळाखाली नाल्याच्या काठी, सुभद्राबाईंच्या घरासमोरच, पुतळा मांडला होता. पळसाच्या काड्या, डोक्याला नारळ. त्याला धोतर नेसवलं, बंडी घातली, फेटा ठेवला. मडकं दिरानं दगडावर फोडलं. बाजूला खुर्चीवर हार घातलेला झूमचा फोटो. येणारे जाणारे त्याला हात जोडत होते आणि म्हणत होते, तुळशीराम असाच उभा राहायचा. गुरुजी लांब, लिंबाखाली उभे होते. विधीत ते आले नाहीत, पण संपेपर्यंत हललेही नाहीत.

अग्नी दिला. सुभद्राबाई रडल्या नाहीत. अंगठ्यानं त्यांनी स्वतःच कुंकू पुसलं, दुसऱ्या कोणाला पुसू दिलं नाही. बंडी पेटली तेव्हा आधी ठिगळ काळं पडलं, मग आक्रसलं, मग नाहीसं झालं. मी त्याच्याकडेच पाहत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. तिकडे दिरानं हातोडी घेतली आणि दाराला नवी कडी ठोकली. ठोकण्याचा आवाज दरीत जाऊन पलीकडून परत येत होता.

माणसं पांगली. ऊन पिवळं झालं होतं. मी कातळावर सामान आवरायला आलो, वसंता ट्रायपॉडचे पाय मिटायला वाकला, तेवढ्यात सुभद्राबाई चढून वर आल्या. मोकळं कपाळ त्यांना अजून सवयीचं नव्हतं, पदर सारखा पुढे ओढत होत्या. पलीकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या लेन्सकडे पाहिलं.

"भाऊ, तुमच्या ह्या काचेतून समदं साफ दिसते म्हने. एक डाव पाहा बरं. हाये का कोनी?"

मी डोळा लावला.

विहीर दिसली. बाभूळ दिसली. उपटलेल्या काठीचा खड्डा दिसला, कडेला ओली माती. खड्ड्यापासून दोन पावलांवर तो उभा होता. धोतर, बंडी, फेटा. बंडीच्या छातीवर डाव्या बाजूला तांबडं ठिगळ होतं, चौकोनी. नाल्याकाठच्या राखेचा धूर अजून माझ्या नाकात होता. तो इकडे पाहत होता. चेहरा मला आजही सांगता येणार नाही. पण त्याचे हात आडवे नव्हते. ते खाली सोडलेले होते, दिवसभराच्या कामानंतर माणूस सोडतो तसे.

माझी लेन्स कधी खोटं दाखवत नाही, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो.

"नाही, ताई," मी म्हणालो. "कोणी नाही. नुसता खड्डा आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, मेथीची नवी जुडी माझ्या पिशवीत खोचली आणि खाली उतरून घरात गेल्या. दार मिटलं.

वसंता उभा राहिला. "दाजी, बघू?" त्यानं कॅमेऱ्याकडे हात केला. मी लेन्सवर टोपण लावलं आणि ते तळहातानं दाबून धरलं. खाली त्या घरातून नवी कडी सरकल्याचा आवाज आला. एकदा अर्धी, मग पूर्ण.